७३०० च्या पलीकडची खरखर

रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास डिजिटल आकड्यांचा ट्रान्झिस्टर घ्यावा, त्याची काडी पूर्ण बाहेर ओढावी आणि शॉर्टवेव्हचा ४१ मीटरचा पट्टा लावावा. ७२०० किलोहर्ट्झपासून पाच-पाचच्या पावलांनी वर जावं. दूरच्या केंद्रांचे आवाज येतात, ओसरतात, पुन्हा भरतात. मधल्या मोकळ्या जागांत नुसती सळसळ असते, पिंपळाच्या पानांची असावी तशी. ७२५०, ७२८०, ७२९५. आणि ७३०० ओलांडलं की सगळं पालटतं. गरम तेलात मोहरी पडावी तसा तडतडाट सुरू होतो, आणि वर कितीही सरकलं तरी सुटत नाही. मागे फिरून ७२९५ ला यावं, तर पुन्हा पिंपळ.

निसर्गात अशी रेघ नसते. विजांचा कडकडाट असो की अवकाशातून येणारी सळसळ, नैसर्गिक गोंगाट हळूहळू चढतो आणि हळूहळू उतरतो. ७३०० वर पट्टीनं आखल्यासारखी धार ऐकू आली, तर समजावं की जवळपास कुणीतरी विजेच्या तारांवरून इंटरनेट चालवतंय आणि त्या यंत्रातला कंपनांचा (फ्रिक्वेन्सींचा) आराखडा अमेरिकेसाठी बनवलेला आहे. ७००० ते ७३०० हा पट्टा अमेरिकेत हौशी रेडिओवाल्यांचा, म्हणजे हॅमचा. आपल्याकडे हॅमना ७००० ते ७२०० मिळतं आणि त्यापुढे ७४५० पर्यंत प्रसारण केंद्रं असतात. यंत्र बनवणाऱ्यांनी अमेरिकी हॅमसाठी जी फट राखली, तिच्यातले शंभर किलोहर्ट्झ आपल्याकडच्या श्रोत्याच्या पदरात अनायासे पडले. उरलेले दीडशे गेले.

ती रेघ कुणासाठी आखली गेली आणि तिच्या बाहेर कोण राहिलं, यातच या विषयाचं मर्म आहे. पण आधी यंत्र समजून घेऊ.

पॉवरलाइन अडॅप्टर म्हणजे प्लगमध्ये खोचायच्या दोन डब्या. एक राउटरशेजारी, दुसरी आतल्या खोलीत. जाड भिंतींमुळे वाय-फाय पोचत नाही, नवी केबल ओढायला कुणी भिंत फोडू देत नाही, आणि तारा तर भिंतीत आधीपासून आहेतच. गरज खरी आहे. २३० व्होल्टच्या पन्नास हर्ट्झच्या लाटेवर ही डबी स्वतःचे बारीक संकेत चढवते. होमप्लग एव्ही या प्रचलित पद्धतीत १.८ ते ३० मेगाहर्ट्झच्या दरम्यान १,१५५ वाहक लहरी मांडलेल्या असतात, प्रत्येकीत सुमारे २४.४ किलोहर्ट्झचं अंतर. अमेरिकी आराखड्यात त्यांतल्या ९१७ चालू आणि बाकीच्या बंद. बंद ठेवलेल्या जागा म्हणजेच त्या फटी. तिथे संकेत ३० डेसिबलनं खाली दाबलेला असतो. नंतरच्या एव्ही२ मध्ये हीच मांडणी ८६ मेगाहर्ट्झपर्यंत ताणली गेली.

या सगळ्याची एकूण शक्ती वॉटच्या दहाव्या हिश्शाच्याही आत. झिरोच्या बल्बपुढेसुद्धा ती काहीच नाही. म्हणूनच ‘एवढ्याशानं काय होणार?’ हा प्रश्न पहिल्यांदा ऐकताना पटतो. पण शॉर्टवेव्हचं केंद्र दोन-चार हजार किलोमीटरवरून आकाशाच्या आयनांबरावर आपटून येतं, तेव्हा अँटेनावर उरतात काही मायक्रोव्होल्ट. तुलना झिरोच्या बल्बशी करायची नसते, त्या मायक्रोव्होल्टशी करायची असते.

आता तारेकडे येऊ, कारण खरा दोष डबीचा कमी आणि तारेचा जास्त आहे. टेलिफोनच्या किंवा लॅनच्या केबलीत दोन-दोन तारा एकमेकींना पीळ घालून जातात. एकीत प्रवाह जातो तेवढाच दुसरीतून परत येतो. दोघींची क्षेत्रं एकमेकींना खोडतात आणि बाहेर जवळजवळ काही गळत नाही. टीव्हीच्या केबलीला तर वरून जाळीचं कवचच असतं. घरातल्या वायरिंगला यांतलं काही नाही. आपल्याकडची कन्सिल्ड फिटिंग डोळ्यांसमोर आणा. छतातल्या जंक्शनमधून फेज खाली स्विचबोर्डात उतरते, बटणातून जाऊन पुन्हा वर चढते आणि मग पंख्याकडे जाते. न्यूट्रल मात्र जंक्शनमधून थेट पंख्याकडे. वायरमन असं करतो ते बरोबरच आहे, तार वाचते आणि बटण फेजवर राहतं. पण उच्च कंपनांच्या दृष्टीनं जोडीतली एक तार एका वाटेनं गेली आणि दुसरी दुसऱ्या. मधे उरला भिंतीएवढा वेटोळा. बटण बंद असेल तर त्याहून वाईट: फेजची तार बोर्डापर्यंत येऊन अधांतरी संपते.

हिशोब करून पाहू. १५ मेगाहर्ट्झला लहरीची लांबी २० मीटर, तिचा पाव भाग ५ मीटर. छतातून दोन मीटर खाली बोर्डापर्यंत आणि जंक्शनपासून बोर्डाच्या माथ्यापर्यंत तीन मीटर आडवी तार. झाले पाच. पाव लहरीची, एका टोकाला मोकळी तार म्हणजे पाठ्यपुस्तकातली अँटेना. दोन खोल्यांच्या घरात अशा आठ-दहा तरी असतात, कमी-जास्त लांबीच्या, त्यामुळे कुठलं ना कुठलं कंपन कुठे ना कुठे सुरेख बसतं. खरखर पॉवरलाइनचीच आहे का याची एक साधी परीक्षा यातूनच मिळते. रेडिओ एका कंपनावर ठेवून दिव्याचं बटण चालू-बंद करावं. दिव्याचा स्वतःचा आवाज नसतानाही खरखरीची पातळी बदलली, तर त्या तारेतून काहीतरी वाहतं आहे.

विजेच्या तारेवरून बोलणं ही कल्पना मुळात नवी नाही. महापारेषणच्या एखाद्या मोठ्या उपकेंद्राशेजारून जाताना, उच्चदाबाची लाइन जिथे आत शिरते तिथे, तारेच्या वाटेत पिंपाएवढी गुंडाळी टांगलेली दिसते. ती वेव्ह ट्रॅप. तिच्याजवळच्या संधारित्रातून (कपॅसिटरमधून) ४० ते ५०० किलोहर्ट्झमधले संकेत लाइनवर सोडतात. एका उपकेंद्राचं दुसऱ्याशी बोलणं आणि बिघाड झाला की पलीकडच्या टोकाला लाइन तोडण्याचा हुकूम, हे त्यावरून जातं. गुंडाळीचं काम एवढंच की संकेत उपकेंद्राच्या आत न घुसता लाइनवरच राहावा. वाहिनी जेमतेम चार किलोहर्ट्झ रुंद, कंपन आधी ठरवून दिलेलं. शंभर किलोहर्ट्झला लहर तीन किलोमीटर लांब, त्यामुळे लाइनीतल्या तारांमधलं काही मीटरचं अंतर तिच्यापुढे किरकोळ ठरतं आणि जोडी बऱ्यापैकी जोडीसारखी वागते. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं. तीच तार तीस मेगाहर्ट्झपर्यंत वापरायची म्हटल्यावर लहर दहा मीटरची होते आणि लाइन अँटेना बनते. तार बदलली नाही, तिच्याकडून काढायचं काम बदललं.

घराघरांत इंटरनेट पोचवायला अख्ख्या शहराची लाइन वापरायचा पहिला मोठा प्रयोग मँचेस्टरचा. १९९७ मध्ये गाजावाजा झाला, १९९९ मध्ये गुंडाळला गेला. रस्त्यावरचे दिव्यांचे खांब अँटेनासारखे वागू लागल्याच्या तक्रारी त्याच वेळच्या. स्कॉटलंडमधल्या क्रीफ गावी चाचणी झाली तेव्हा बीबीसीच्या संशोधन विभागानं तिथे रेडिओ नेऊन प्रत्यक्ष ऐकलं आणि नोंदी प्रसिद्ध केल्या. जपाननं २००६ च्या ऑक्टोबरात घराच्या आतल्या वापराला परवानगी दिली, आणि वर्ष संपायच्या आत तिथले हॅम सरकारविरुद्ध न्यायालयात गेले.

अमेरिकेची कहाणी सर्वांत तपशीलवार नोंदलेली आहे आणि तिच्यातला एक आकडा नीट उलगडून पाहावा असा आहे. एफसीसी या तिथल्या नियामकानं १४ ऑक्टोबर २००४ ला लाइनीवरच्या इंटरनेटचे नियम केले. तारेतून बाहेर गळणाऱ्या रेडिओ लहरींची मर्यादा जुनीच ठेवली: लाइनीपासून ३० मीटरवर, ९ किलोहर्ट्झच्या पट्टीत, ३० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर. ऐकायला ही नगण्य वाटते. पण आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं माणसाच्या यंत्रांमुळे होणाऱ्या गोंगाटाची जी सूत्रं दिली आहेत, त्यांप्रमाणे निवासी वस्तीत १० मेगाहर्ट्झला तेवढ्याच पट्टीत गोंगाट भरतो सुमारे ३ मायक्रोव्होल्ट प्रति मीटर. म्हणजे नियम काटेकोर पाळणारी लाइनसुद्धा ३० मीटरवरच्या अंगणात नेहमीच्या गोंगाटाच्या दहा पट. दोन्ही मोजमापांची पद्धत अगदी एकसारखी नाही, हे धरूनही खाई मोठीच राहते. शांत खेड्यात हाच फरक आणखी मोठा.

त्यात मोजण्याची एक मेख. ३० मीटरवर मोजायला जागा नसते, म्हणून जवळून, समजा ३ मीटरवर, मोजून हिशोबानं ३० मीटरला न्यायचं. त्यासाठी धरलेलं गृहीत असं की अंतर दहा पट झालं की क्षेत्र शंभर पटीनं, म्हणजे ४० डेसिबलनं, उतरतं. बिंदूएवढ्या उगमाच्या अगदी जवळ असताना हे खरं. लाइन मात्र शेकडो मीटर लांब असते, आणि तिच्यापासून दूर जाताना क्षेत्र पुष्कळदा दहा पटीच्याच, म्हणजे २० डेसिबलच्या आसपास उतरतं. तसं झालं तर कागदावर ३० भरणारी लाइन प्रत्यक्षात ३०० भरेल. अमेरिकी हॅमच्या संघटनेनं, एआरआरएलनं, यावर दावा लावला. २५ एप्रिल २००८ ला न्यायालयानं ठरवलं की एफसीसीनं ज्या अभ्यासांवर निर्णय उभा केला, त्यांतले काही भाग काळे करून लोकांपुढे ठेवणं चूक होतं, आणि ४० डेसिबलचं समर्थनही नीट करून दाखवावं. २०११ मध्ये एफसीसीनं दाखवलं ते आपल्या पद्धतीनं: गृहीत तसंच राहिलं, फटींची खोली तेवढी २० वरून २५ डेसिबल झाली.

व्हर्जिनियातल्या मानासस शहरानं २००५ मध्ये ही सेवा सगळ्या गावाला दिली होती. २०१० मध्ये बंद केली. अलाबामातून खेड्यापाड्यांत ती नेणारी कंपनी २०१२ च्या आरंभी थांबली. आदल्या वर्षीच्या टॉर्नेडो वादळांनी तिचं कंबरडं मोडलं होतं. तंत्र मुख्यतः पैशाच्या हिशोबात हरलं. अमेरिकेत एका रोहित्रावर घरं मोजकी असतात आणि रोहित्रातून उच्च कंपनं पलीकडे जात नाहीत, म्हणून प्रत्येक रोहित्राला वळसा घालणारा जोड हवा. शिवाय लाइनीवर काही शेकडो मीटरला एक पुनरावर्तक, म्हणजे मंदावलेला संकेत पुन्हा सबळ करणारं यंत्र. तेवढ्यात फायबर स्वस्त झालं. रस्त्यावरची लाइन अशी मोकळी झाली, पण भिंतीतली नाही. डब्या आजही ऑनलाइन मिळतात आणि ज्याला हवी तो घेतो.

आता पुन्हा त्या रेघेकडे. फटी कुणाला मिळाल्या? हॅमना. ते योग्यच झालं. २६ डिसेंबर २००४ ला अंदमानात त्सुनामी आली तेव्हा पोर्ट ब्लेअरला आलेल्या भारतीय हॅमच्या पथकानं शॉर्टवेव्हवरूनच मुख्य भूमीशी संपर्क धरला होता. हॅमकडे परवाना असतो, कॉलसाइन असतं, संघटना असते, वकील देता येतो. विमानांनाही युरोपच्या नियमांत फट मिळाली. अरबी समुद्रावरच्या विमानांशी मुंबईचं हवाई नियंत्रण उपग्रहाच्या जोडीनं आजही शॉर्टवेव्हवर बोलतं, तेव्हा तिची किंमत सांगायला नको. नुसतं ऐकणारा मात्र कुठल्याच यादीत नव्हता.

आपल्याकडे एकेकाळी होता. रेडिओ ऐकायला लायसन्स लागे, पोस्टातून छोटं पुस्तक मिळे, दर वर्षी फी भरून त्यात तिकिटं लावून शिक्का मारून घ्यायचा. ऐंशीच्या दशकात ती फी गेली. सुटका झाली हे खरंच, पण कोण ऐकतो याची सरकारदरबारची एकमेव नोंदही तिच्याबरोबर गेली. ऐकणारा काही प्रक्षेपित करत नाही, कुणाच्या मोजमापात येत नाही. त्याचं ऐकणं बंद पडलं तरी कुठल्याही कार्यालयात घंटा वाजत नाही. त्याला काय लागतं? शांतता. आणि ती कुणाच्या नावावर नसल्यामुळे, गावच्या गायरानासारखी, ज्यानं आधी कुंपण घातलं त्याची झाली.

ती शांतता किती मोठी होती याचा अंदाज आजच्या घरातून येत नाही. १९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले, आकाशवाणीवरची सिनेगीतं आटली, आणि महाराष्ट्रातल्या घराघरांतले काटे रेडिओ सिलोनच्या शॉर्टवेव्हकडे वळले. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली तीसुद्धा शॉर्टवेव्हवर. कोलंबोचा आवाज खानदेशातल्या माळवदावर स्वच्छ लागे, यात प्रक्षेपकाच्या ताकदीइतकाच वाटा घरातल्या साध्या विजेचा होता. विजेवर चालणारं होतं तरी काय? पिवळे बल्ब, पंखा, फार तर इस्त्री. यांतलं काहीही मेगाहर्ट्झमध्ये बोलत नाही. गाणं दर दोन मिनिटांनी बुडत होतं, पण बुडून जिथे जात होतं तिथे खालीही शांतताच होती, म्हणून तळाशी गेलेली ओळसुद्धा कानाला लागायची.

युरोपनं २०१३ च्या ईएन ५०५६१-१ या मानकात श्रोत्यासाठीही काहीतरी केलं, आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. हॅम आणि विमानांच्या फटी तिथे कायमच्या. प्रसारणाच्या पट्ट्यांत डबीनं स्वतः ऐकायचं, तारेवर एखादं केंद्र लागतंय असं आढळलं की तेवढ्या जागेतल्या वाहक लहरी बंद करायच्या, केंद्र गेलं की पुन्हा चालू. कल्पना सुंदर आहे. शॉर्टवेव्हची केंद्रं ऋतूप्रमाणे आणि तासातासाला जागा बदलतात, त्यामुळे कायमच्या फटीपेक्षा हे शहाणपणाचं. अडचण एकच. डबी ऐकते ती भिंतीतल्या तारेतून, म्हणजे घरातल्या सर्वांत गोंगाटाच्या अँटेनातून. तिथे बलवान केंद्रं तेवढी वर डोकावतात. गच्चीवरच्या चांगल्या तारेवर जे मंद केंद्र ऐकू येतं, ते डबीला ऐकूच येत नाही, आणि ती खुशाल त्याच्यावर बसते. मंद केंद्रासाठी जागणाऱ्यालाच संरक्षण नाही.

फटींनाही पूर्ण भरवसा नाही. मोबाइलच्या चार्जरमध्ये, एलईडी दिव्यात डायोड असतात. दोन वाहक लहरी डायोडमधून गेल्या की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांच्या नव्या लहरी तयार होतात आणि त्या फटीतही पडतात. गंजलेला जोडही हेच करतो. ७१०० ची फट कागदावर ३० डेसिबल खोल असते. घरात स्वस्त चार्जर लावलेला असेल तर ती अर्धी बुजलेली भेटते.

निदान करायचं तर पहिली पायरी सेलवरचा रेडिओ. अडॅप्टरवर चालवलेला रेडिओ या कामाला निरुपयोगी, कारण त्याच्याच वायरीतून गोंगाट आत येतो. रेडिओ एएमवर ठेवून ९ ते १२ मेगाहर्ट्झमधली मोकळी जागा शोधावी आणि घराची मेन बंद करावी. खरखर गेली तर चोर घरातच आहे; एकेक एमसीबी चढवत जावं म्हणजे सापडतो. राहिली तर शेजारी. फ्लॅटच्या सोसायटीत सगळ्या घरांच्या तारा तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत एका पट्टीवर येतात, तिथून संकेत एका घरातून दुसऱ्यात उतरतो, फेज वेगळी असली तरी.

कान तयार असेल तर आवाजावरूनच ओळख पटते. डबी रिकामी बसलेली असताना दर दोन विद्युत आवर्तनांना एक हाक देते, पन्नास हर्ट्झवर सेकंदाला पंचवीस. सायकलच्या चाकात पुठ्ठ्याची पट्टी अडकवल्यासारखा तो फडफडाट असतो. कुणी व्हिडिओ लावला की तो भरून येऊन सलग फसफस होते. मोबाइलच्या चार्जरचा आवाज निराळा: शंभर हर्ट्झची घरघर, आणि डायलवर ठरावीक अंतरानं उंचवटे, तेही तापल्यावर सरकणारे. ११ केव्हीच्या खांबावर सैल पिन किंवा तडकलेला इन्सुलेटर असेल तर कडकड कोरड्या हवेत जोर धरते, चांगला पाऊस झाला की बऱ्याचदा थांबते आणि खालच्या कंपनांवर अधिक असते. (ही ठिणगीची कडकड पार शेकडो मेगाहर्ट्झपर्यंत चढते. नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जीएमआरटी दुर्बीण आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनाही भोवतालच्या वीजवाहिन्यांवर लक्ष ठेवावं लागतं.) शॉर्टवेव्ह पकडणारी एसडीआरची (सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या रेडिओची) यूएसबी काडी आणि लॅपटॉप असेल तर संशय उरतच नाही. धबधब्यासारख्या सरकत्या चित्रात ६.५ ते ७.५ मेगाहर्ट्झ आणावं: सगळीकडे सारखी राखाडी धूळ आणि ७.० ते ७.३ मध्ये काळी, सरळ कडांची खिडकी. १४.० ते १४.३५ ला तशीच दुसरी. लॅपटॉपही त्या वेळी बॅटरीवरच असू द्यावा.

उपायांत सर्वांत वरचा उपाय रेडिओचा नाहीच. शेजाऱ्याच्या दारी जावं, रेडिओ हातात घेऊन जावं, त्याच्याच दिवाणखान्यात लावून दाखवावा आणि डबी मिनिटभर उपटायला सांगावी. ऐकल्यावर बहुतेकांना पटतं, कारण आपल्या घरातून असं काही बाहेर पडतंय याची त्यांना कल्पनाच नसते. मग कॅट-६ ची वीस मीटर केबल, कोपऱ्यातून चिकटपट्टीनं बसवलेली, हा सौदा त्यांच्याही फायद्याचा. डबीच्या खोक्यावर छापलेला वेग प्रयोगशाळेतला असतो. प्रत्यक्षात जुन्या वायरिंगवर, त्यातही सर्ज प्रोटेक्शनच्या एक्स्टेन्शन बोर्डात खोचल्यावर, तो फार खाली येतो, कारण बोर्डातली संधारित्रं उच्च कंपनं गिळतात. केबलीला हा आजार नाही. परवानाधारक हॅमला दूरसंचार विभागाच्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनकडेही जाता येतं. श्रोत्यानं शेजाऱ्याशी गोड राहावं.

फेराइट, म्हणजे तारेभोवती बसवायचं चुंबकी कडं, याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. डबीच्या वायरीला फेराइटची क्लिप लावली की आवाज जाईल, असं सांगतात. जात नाही. डबी फेज आणि न्यूट्रलच्या मधे मुद्दाम संकेत घालते. दोन्ही तारा एकाच कड्यातून गेल्या की त्यांची क्षेत्रं कड्याच्या आतच एकमेकांना खोडतात आणि फेराइटला काही जाणवतच नाही. फेराइट उपयोगी पडतं ते रेडिओच्या बाजूला. गच्चीवरून येणाऱ्या कोॲक्सच्या, म्हणजे टीव्हीसारख्या कवचाच्या केबलीच्या, बाहेरच्या जाळीवरून घरातला गोंगाट वर अँटेनापर्यंत चढतो, तो अडवायला. त्यासाठीही एका वेढ्याची क्लिप पुरत नाही. अडथळा वेढ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणून ३१ नंबरच्या मिश्रणाचं मोठं कडं घ्यावं, एफटी२४०-३१, बाहेरचा व्यास ६१ मिलिमीटर, आणि आरजी-५८ या कोॲक्सचे बारा वेढे द्यावेत. काही हजार ओहमचा बांध पडतो. एक कडं अँटेनाच्या पायाशी, एक रेडिओशेजारी.

लांब तारेची अँटेना असेल तर ती घरापासून जितकी दूर तितकी बरी. दहा-पंधरा मीटर तार, पायाशी बीएन-७३-२०२ हा दोन भोकांचा गाभा, त्यावर कोॲक्सकडे दोन वेढे, तारेकडे सहा. गुणोत्तर तीन, त्याचा वर्ग नऊ, म्हणजे ५० ओहमचे ४५०. दोन्ही वेटोळी एकमेकांना कुठेही जोडायची नाहीत, सगळं मर्म त्यात आहे. सहा वेढ्यांचं मोकळं टोक जमिनीत ठोकलेल्या स्वतंत्र सळईला. प्लगच्या अर्थ पिनला कधीही नाही: तीही भिंतीतून फिरणारी तारच आहे, तिच्यावर तीच खरखर बसलेली असते, शिवाय फिटिंगमध्ये दोष असेल तर जिवाला धोका. आणि मृगाच्या आधी तार सोडवून ठेवायची, वळवाच्या विजा विचारून येत नाहीत.

गच्ची नाही, सळई ठोकायला जमीन नाही, शेजारी ऐकत नाही, अशांसाठी लूप, म्हणजे एका वेढ्याची अँटेना. दहा मिलिमीटरची तांब्याची नळी ३.१५ मीटर, गोल वाकवली की एक मीटर व्यास. वरच्या बाजूला तोंड उघडं ठेवून तिथे जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतला हवेचा गँग, म्हणजे फिरवून कमी-जास्त करता येणारं संधारित्र, जोडावा. ३६५ पिकोफॅरडचा गँग असेल तर असा लूप सुमारे ५ पासून १६ मेगाहर्ट्झपर्यंत लागतो, म्हणजे ४९ मीटरपासून १९ मीटरपर्यंतचे पट्टे हाती आले. असे गँग पुण्यात बुधवार पेठेत नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला शोधल्यास मिळतात. पाती एकमेकींना घासत नाहीत ना, हे दिव्याकडे धरून फिरवून पाहावं. खालच्या बाजूला, नळीला चिकटून पण विजेनं न जोडलेला, तारेचा २० सेंटिमीटर व्यासाचा छोटा वेढा. त्याची दोन टोकं कोॲक्सला. जोड सोल्डरिंगचे, नुसते पिळलेले नकोत, कारण लूपमध्ये अर्ध्या ओहमचा फरकही ऐकू येतो. गँग फिरवताना एका जागी सळसळ एकदम उसळते, तिथे तो लागला. जागा इतकी अरुंद असते की केंद्र बदललं की गँगही पुन्हा लावावा लागतो, हाताचा ओझरता स्पर्शही ती हलवतो. म्हणून दांड्याला लाकडी किंवा प्लॅस्टिकची लांब मूठ बसवावी.

असा छोटा लूप कडेच्या दिशेनं ऐकतो आणि त्याच्या आसाच्या दिशेला बहिरा असतो. केंद्र आकाशातून वरच्या कोनानं येतं, ते लूप फिरवला तरी फारसं कमी होत नाही. भिंतीतला गोंगाट आडवा येतो, तो कापला जातो. लूप भिंतीला टेकवून ठेवला तर मात्र हे जमत नाही, तार चारी बाजूंनी असते आणि बहिरी दिशा सापडतच नाही. खोलीच्या मधोमध किंवा बाल्कनीच्या कठड्याशी, भिंतीपासून शक्य तेवढा लांब, पाटावर उभा करावा. ७३२० ला एखादं मंद केंद्र धरावं आणि लूप अंश-अंशानं फिरवावा. खरखर आधी काही ऐकत नाही, मग थोड्याशा कोनात झपकन खाली बसते, आणि तिच्या खालून माणसाचा आवाज वर येतो. त्या जागी पाटावर खडूनं खूण करावी. वहीत तारीख, वेळ, कंपन आणि खुणेचा कोन लिहून ठेवावा, कारण शेजारी डबी एका प्लगमधून काढून दुसऱ्यात लावतो तेव्हा खूण चुकते आणि पुन्हा पहिल्यापासून फिरवावं लागतं.